दोन हात आखूड दोर

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा होड्या दुरुस्त करण्याचा, राहणार धक्क्यासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. मग कागदावर सही कशाला घेतलीत, असं विचारलं तर नुसते हसले. म्हणून हे लिहिणं आलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एका जागी एवढा वेळ मला बसवतच नाही.

कलम एक. राहतं घर थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला निम्मंनिम्मं. बँकेतली शिल्लकही तशीच. जिन्याची तिसरी पायरी हलते. ती थोरल्यानं दुरुस्त करावी, कारण गेली सहा वर्षं "मी बघतो बाबा" असं तोच म्हणतो आहे.

कलम दोन. होडी. (हे मागाहून लिहितो. जागा सोडली आहे.)

कलम तीन. हत्यारं मुलीला. शेजारच्या सुताराला यातलं काहीही जाऊ नये, मागितलं तरी. त्यानं उसना नेलेला माझा मोठा रंधा मात्र परत आणावा.

इथे उठलो होतो. चहा टाकला, तो उतू गेला. खिडकीतून पाहिलं. आज उधाण आहे, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलंय. होडीजवळची काठी पाण्यात ताठ उभी आहे. परत बसलो.

कलम चार. मुलांच्या आईचा फोटो थोरल्याला. त्याच्या घराच्या भिंती ओक्याबोक्या आहेत. माझा कोट कोणालाही द्यावा, किंवा देऊ नये, कोपरावर विरलाय.

पुन्हा उठलो होतो. चार वेळा खिडकी झाली. आता कलम दोन लिहून टाकतोच.

कलम दोन. होडी मुलीला. थोरला म्हणतो विकून टाका. "बाबा, धाकटी पुन्हा पाण्यात पडली तर? तिचं लक्ष नसतं, तुम्हीच म्हणालात." हो, मीच म्हणालो, तेही चारचौघांत. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ती एकटी पाण्यावर गेलेली नाही. धक्क्यापर्यंत येते, हातात किल्ली फिरवते आणि म्हणते, "बाबा, तुम्ही चला ना बरोबर." त्याआधी हीच पोर मला होडीत बसू देत नसे. म्हणायची, तुमची लुडबुड फार.

झालं ते असं. होडी बांधण्यासाठी पाण्याच्या तळाशी मोठा दगड आहे, दगडाला साखळी, साखळीला जाड दोर. दोराचं टोक पाण्याखाली राहतं. वाकून ते शोधावं लागू नये म्हणून मी काठी केली. नऊ फुटी बांबू, कमरेला तरंगणारा गोळा, खाली शिशाचं वजन, शेंड्याला लाल फडकं. होडीत उभ्या उभ्या काठी धरायची आणि ओढायची. तिला बांधलेल्या बारीक दोराबरोबर जाड दोर वर येतो, तो होडीच्या खुंटीला अडकवायचा. मुलगी लहान चणीची, तिला वाकावं लागू नये यासाठीच सगळा खटाटोप. पण बारीक दोर मी ओहोटीला मापला, आणि तोही पाणी कमी चढतं अशा आठवड्यात. उधाण धरलंच नाही. चाळीस वर्षं लोकांना हेच शिकवलं आणि स्वतः शेण खाल्लं.

उधाण आलं तशी काठी पाण्याखाली ओढली गेली. मुलगी भर वाऱ्यात परत आली, काठी दिसेना. शोधायला वाकली आणि पडली. खांदा निखळला. सुतारानं उडी मारून तिला काढलं. धक्क्यावर आल्या आल्या ती म्हणाली, "बाबा, काठी नव्हतीच हो जागेवर!" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काठी होती. तुझं लक्ष नव्हतं."

सुतारानं मला बाजूला घेतलं. "दादा, दोर आखूड आहे."

"तू आपलं काम बघ."

ती दवाखान्यात असताना मी दोर बदलला. जुना तुकडा बिस्किटांच्या डब्यात आहे. सुतार आजवर कोणाला एक अक्षर बोललेला नाही. मी त्याच्याशी बोलणं टाकलं ते याच रागानं. त्यानं तोंड उघडलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

पोरी, काठी नव्हती. तू खरं बोलत होतीस. मला लाज वाटली आणि ती मी तुझ्या माथी मारली. मला माफ कर.

हे कलम मी मेल्यावर उघडायचं नाही. मेल्यावर कबुली द्यायला कोणाचं काय जातं? मुलगी खाली माझी दवाखान्याची पिशवी भरते आहे. तिला हाक मारतो.

वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तो तुकडा कुठाय?" डबा दिला. तिनं काठीच्या नव्या दोराचं माप विचारलं आणि जुना दोर हातावर मापला.

"दोन हात कमी," म्हणाली. "बाबा, दोन वर्षं मला वाटतंय, माझे डोळेच मला फसवतात."

मी बोलायला गेलो.

"आत्ता नको."

किल्ली घेऊन ती जिना उतरली. तिसरी पायरी वाजली.

कलम तीनमध्ये दुरुस्ती : रंधा सुताराकडेच राहू दे. त्याला मी साक्षीसाठी खिडकीतून हाक मारली. तो अनवाणीच आला. औषधाच्या दुकानाचे मालकही आले आहेत. पण सह्या राहिल्या, कारण आम्ही तिघं खिडकीत उभे होतो. ती छोट्या डोंगीनं होडीपर्यंत गेली, डोंगी मागे बांधली, दोर सोडला, लांब वळसा घेऊन वाऱ्यातून परत आली. सुतार पुटपुटला, "वेग जरा जास्त आहे."

"गप रे," मी म्हणालो. हाक सोडली तर दोन वर्षांतलं माझं त्याच्याशी पहिलं बोलणं हेच.

पहिल्या खेपेला काठी हातातून निसटली. दुसऱ्या खेपेला तिनं ती उभ्यानं धरली आणि दोर खुंटीला टाकला. खिडकीकडे पाहिलं नाही. थोडा वेळ बसली. मग दोर पुन्हा सोडला आणि निघाली, एकटीच, धक्क्याच्या टोकापलीकडे.

आम्ही सह्या करतो आहोत. ती अजून आलेली नाही. तिला कोणीही हाक मारू नये.

लिहून देणार : होड्या दुरुस्त करणारा (सही)

लिहिणाऱ्यानं आमच्यादेखत सही केली. डोकं ठिकाणावर होतं.
साक्षीदार १ : औषधाच्या दुकानाचे मालक (सही)
साक्षीदार २ : शेजारचा सुतार (सही)

ठिकाण : वरच्या मजल्यावरची खिडकी
दिनांक : चौदा, बुधवार, उधाणाची भरती