मधल्या दारातली मुलगी

आई, तुला जाऊन इतकी वर्षे झाली की आता तुझ्यावर रागावणे लोकांना अशोभनीय वाटेल. तरीही मी रागावले आहे, आणि या वेळी निरोप न्यायला मध्ये कुणी नाही.

आपल्या म्हैसूरच्या घरातले मधले दार आठव. तू चुलीपाशी, अप्पा झोपाळ्यावर, आणि दारात मी. "अप्पांना विचार, पान वाढू का?" तू म्हणतेस. अप्पांना ते स्वच्छ ऐकू येते. तरी ते माझ्याकडेच पाहतात. "बेडा म्हणून सांग तिला. तिचं तोंड बघूनच पोट भरलंय." मी तुझ्याकडे वळून एवढेच सांगते, "नको म्हणतात." टोमणे गाळून निरोप पोचवण्याचे कसब मी अक्षरांच्या आधी शिकले. मग एका सकाळी तू कॉफीचा पेला माझ्या हाती देतेस, अप्पा तो पितात, आणि भांडण मिटते. ते ज्यावरून झाले, ते मात्र तसेच राहते.

मराठी माध्यमासाठी तुम्ही मला बेळगावला मामांकडे ठेवलेत. तिथे मी शाळेत पहिली आले. कॉलेजही तिथेच करू द्यावे, म्हणून तू अप्पांशी बोलणार होतीस. बोलली नाहीस, अबोला धरलास. अप्पांनी तो सहज सोसला. शेवटी तू पेला भरलास. "जा पुट्टी, दे त्यांना. नवरा-बायकोत शब्द वाढवू नये." माझे कॉलेज बुडवणारा तो पेला तू माझ्याच हातून पाठवलास, आई! पुढे बाहेरून परीक्षा देऊन मी शिक्षिका झाले, ते पाहायला तू नव्हतीस.

परवा माझ्या नवऱ्याने मला न विचारता सासूबाईंना सांगून टाकले की पुढच्या महिन्यापासून मी नोकरी सोडणार. मी गप्प झाले. आज सकाळी त्यांची हेब्बाळच्या कारखान्याची बस यायच्या वेळी मी लेकीला म्हणाले, "बाबांना विचार, डबा भरू का?" ती मधल्या दारात जाऊन उभी राहिली आणि आळीपाळीने दोघांकडे पाहू लागली.

मी तिला अंगणात खेळायला पाठवले. मराठीत पहिली आलेली मी. पण समोरासमोर भांडणाचे वाक्य आपल्या घरात मी मराठीत कधी ऐकलेच नव्हते. म्हणून नवऱ्याशी कन्नडमध्ये भांडणाऱ्या शेजारणीसारखी ओरडले, "नन्न केळिद्रा? मला विचारलंत?"

"अय्यो, हळू! आई ऐकतेय."

"ऐकू देत. मी शाळा सोडणार नाही."

बस गेली. ते ओसरीवर बसून आहेत. भांडण मिटलेले नाही.

हे पत्र कुठेच जायचे नाही, म्हणून कबूल करते: कॉफी गाळून ठेवली आहे. पेला अजून भरलेला नाही.