गोरखचा चुकलेला फवारा

घनसावंगी, १२ नोव्हेंबर २०२४

चि. रेणूस, अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

फोनमधला आवाज आपल्याबद्दलच बोलतोय असं तुझ्या भावाला वाटतं, म्हणून त्याचं सगळं पत्रातच लिहितो. तुझ्या दवाखान्यातला नाकात मारायचा फवारा गोरख नेमाने घेतो, गोळ्याही चालू आहेत. पण त्यात ऑक्सिटोसिन आहे म्हणालीस आणि माझा जीव टांगणीला लागला. अगं, म्हशीचा पान्हा सोडवायला चोरून टोचतात तेच ना हे? माझ्या पोराला कसला पान्हा फुटायचाय?

त्याच्या कानातले आवाज कमी झालेत, पण तुझी आई गेली त्या दिवशीही तो चहाच मागत होता. माझं दुखलंखुपलं त्याला कधी कळेल का, एवढं जिवंतपणी पाहायचंय.

होस्टेलचं वरण पातळ म्हणून रडू नकोस. माया आहेच, ती वाढव.
अप्पा

छत्रपती संभाजीनगर, १९ नोव्हेंबर

ती. अप्पांस, रेणूचा शि. सा. न.

तेच ते हार्मोन, अप्पा. आई लेकराला जवळ घेते तेव्हा तिच्या अंगात तेच वाहतं. स्किझोफ्रेनियात दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं अवघड होतं, ते याने सुधारतं का, हे डॉक्टर अजून तपासतायत. निम्म्या रुग्णांच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी आहे. कोणाच्या, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. गोरखने हे समजून घेऊनच सही केली. चेहऱ्यांचे फोटो दाखवून कोण दुःखी, कोण रागावलेलं ते विचारतात. त्याचे बरेच चुकले. तरी फवारा चुकू देऊ नका. वरण अजून पातळच आहे.

तुमच्या मायेची,
रेणू

घनसावंगी, २ डिसेंबर

चि. रेणूस आशीर्वाद.

फवारा चुकला. रागावण्याआधी ऐक.

एक मेंढी व्याली आणि मेली. दुसऱ्या एकीचं पिलू दगावलं होतं, तिला हे कोकरू लावायला गेलो, तर ती ढुशा मारायला लागली. आपल्या रीतीप्रमाणे कोकराच्या पाठीला मीठ चोळलं, म्हणजे मेंढी चाटते. हिने हुंगून तोंड फिरवलं. मी हात टेकले आणि पाणी प्यायला गेलो. परत येऊन पाहतो तर गोरख तिचं तोंड मांडीत धरून आपला फवारा तिच्या नाकात मारून राह्यला होता!

मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, की कोकरू भुकेनं वरडून राह्यलं, हिला बिलकुल कळंना. मंग मला कळायसाठी दिलेलं औषध हिला दिलं.

रेणू, मेंढीने सांजेला कोकरू जवळ घेतलं. मिठाने की फवाऱ्याने, देव जाणे. डॉक्टरांना सगळं खरं सांग, पण गोरखच्या बाटलीत काय होतं ते पुढे समजलं तरी मला कळवू नकोस.

मेंढीने कोकरू घेतलं तेव्हा माझे डोळे भरून आलेले. गोरखने बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग जवळ येऊन त्याने विचारलं, की अप्पा, मायची याद आली का.

माया अशीच राहू दे.
अप्पा