बाबांच्या कानात तेल नको

इकालुइटचं इस्पितळ

आई,

तुझ्या गालाला नाक लावते आणि लिहायला बसते.

कौनाकच्या दोन्ही कानांत बारक्या नळ्या बसवल्या. सगळं नीट झालं. मी तिला 'बाबा' म्हणते हे ऐकून दूर दक्षिणेच्या शहरातून इथे उत्तरेत आलेली नवी नर्स गोंधळली. म्हटलं, "माझ्या वडलांचं नाव आहे तिला, म्हणजे आमच्यात तेच परत आलेत. माझी आई तर तिला नवरोबा म्हणते." तेव्हापासून तीही कौतुकाने पोरीला आजोबा म्हणते.

डॉक्टरीणबाईंना तिच्या कानाच्या पडद्यावर एक पांढरा डाग दिसला. कान सारखा पिकून पडलेला. मी विचारलं, "पुसता येतो का?" म्हणाल्या, "नाही. पण वाढू नये म्हणून जपता येतं. कान पुन्हा पिकू द्यायचा नाही." मी ठीक आहे, जेवतेही आहे.

म्हणून सांगते, आता सीलच्या चरबीचं कोमट तेल तिच्या कानात घालायचं नाही. आम्हा सगळ्यांना घातलंस, ठाऊक आहे. पण या कानात फक्त इथले थेंब जातील. आणि मामाला सिगारेट ओढायला बाहेर पाठव, धुरानेही कान पिकतो. थंडी वाजली तर वाजू दे त्याला. तुझा गुडघा कसा आहे?

तू म्हणतेस, पोरीने बाबांचं नाव घेतलं तसा त्यांचा बहिरा कानही घेतला, असू दे. पण आज खिडकीबाहेर डोमकावळा ओरडला आणि तिने चटकन मान वळवली.

आई, बाबा जन्मभर तुझे ओठ बघत राहिले. या खेपेला त्यांना तुझा आवाज ऐकू दे.

तुझी,
लीटिया