हॅड म्हणजे आहे

११ जून १९४५, सोमवार. वडूज.

आजपासून रोजनिशी इंग्रजीत लिहायची. निश्चय पक्का.

टुडे आय ॲम

(पुढचा शब्द येईना. शाई टाकावर वाळली. उद्यापासून इंग्रजीत. आज प्रस्तावना मराठीत.)

कारण असे. आमच्या कचेरीतला इंग्रजी कारकून दिवाळीनंतर बदलून जाणार. मामलेदारसाहेब म्हणाले, विष्णुपंत, अक्षर तुमचं मोत्यासारखं, पण साताऱ्याहून येणारा कागद इंग्रजीत येतो, त्याला मी काय करू? मी म्हटलं, दिवाळीपर्यंत इंग्रजी येईल. साहेब हसले. उत्तेजनार्थ हसले असावेत.

१३ जून

सांगलीहून मेहुण्याने, म्हणजे क्षमाच्या भावाने, एक वाचनमाला पाठवली. अनंता मॅट्रिक आहे आणि हायस्कुलात शिकवतो, हे तो पोस्टकार्डावरसुद्धा विसरू देत नाही. पहिल्याच पानावर मांजर चटईवर बसले आहे. बसू दे. सरकारी पत्रव्यवहारात मांजर येत नाही.

माझी पद्धत स्वतंत्र. साताऱ्याहून डिक्शनरी आणली आहे, इंग्रजी-मराठी, जुनी पण जाडजूड. भाषा म्हणजे शब्द. सगळे शब्द तीत आहेत. ए पासून सुरुवात करायची आणि झेडला उठायचे. इतकी सरळ गोष्ट लोकांना सुचत कशी नाही?

२ जुलै

ॲबँडन, ॲबडोमेन, ॲभॉर, ॲबंडंट. पाठ.

सकाळी विहिरीवर म्हणत होतो. शेजारच्या काकूंनी क्षमाला विचारले, पंतांना कुठल्या देवाचं अनुष्ठान सांगितलंय? अज्ञान.

जेवताना म्हटले, आमटी ॲबंडंट आहे. क्षमा म्हणाली, मग उरलेली संध्याकाळी खा. अर्थ बरोबर ओळखला. म्हणजे माझा उच्चार स्पष्ट आहे.

८ जुलै

आज अभ्यास नाही. चष्म्याची काडी मोडली.

१९ जुलै

अनंताचे कार्ड. लिहितो, दाजी, शब्दांबरोबर व्याकरण करा, इंग्रजीत बारा काळ आहेत. बारा! झालं, होतंय, होईल. चौथं काय होणार आहे माणसाचं? आमच्या सात पिढ्या तीन काळांत जन्मल्या आणि वारल्या. उरलेले नऊ मॅट्रिकवाल्यांची पोटं चालावीत म्हणून काढलेले आहेत. उत्तर पाठवले नाही.

तलाठी म्हणतो, इंग्रज आता चालले, पंत, आणि तुम्ही इंग्रजी शिकताय? मी म्हटलं, भाडेकरू गेला म्हणून कोणी घर पाडतं का? तो गप्प झाला. इंग्रजीत म्हणालो असतो तर आणखी गप्प झाला असता.

१८ ऑगस्ट

जपानने हात टेकले. लढाई संपली. कचेरीत पेढे.

बाजाराला आलेली रंगूबाई नेहमीप्रमाणे हुलग्याची पाटी आमच्या ओसरीवर टेकवून बसली. तिचा एकुलता गुंडा पलटणीत आहे, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठेतरी. नवरा मागेच गेला. आजवर विचारायची, "आवं पंत, लढाई कवा मोडायची?" आज म्हणाली, "मोडली न्हवं? मग माझा गुंडा कवा यायचा?"

मी म्हटलं, अप्रॉक्सिमेटली. तिला समाधान वाटले. क्षमाला वाटले नाही, पण तिचा स्वभावच तसा.

३ सप्टेंबर

बी पूर्ण. सी लागला. सी लांबलचक आहे, पण मी कच खाणारा नव्हे.

२२ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळ.

आज इतिहास घडला. सविस्तर लिहितो.

साताऱ्याहून लष्कराचा गोरा कॅप्टन पलटणीतल्या पोरांच्या घरच्यांना भेटायला आला. आसपासच्या गावांतून आया, बायका, म्हातारे, कचेरीपुढच्या मंडपात ही गर्दी! साहेबाचा दुभाषी हवालदार वाटेतच हिवतापाने आडवा झालेला. मामलेदारसाहेब कलेक्टरांकडे. साहेबाने विचारले, इंग्लिश? सगळी कचेरी माझ्याकडे बघू लागली. मी पुढे झालो.

सुरुवातीला साहेब हवापाण्यावर बोलला असावा. मी पोरांच्या पराक्रमावर बोललो. टाळ्या. मग त्याचा चेहरा गंभीर झाला आणि तो सावकाश म्हणाला (कानांनी ऐकलेले जसेच्या तसे): हॅड वी द शिप्स, युअर सन्स वुड हॅव बीन होम बाय दिवाली.

एकूण एक शब्द कळला! शिप्स म्हणजे जहाजं. सन्स म्हणजे मुलगे. होम म्हणजे घर. दिवाळी तर आपलीच. हॅड म्हणजे होती, पण भरल्या सभेत भूतकाळ उदास वाटतो म्हणून मी आहेत केले. मधले 'वुड हॅव बीन' मिठामिरचीसारखे असते, ते सोडले.

मी मोठ्याने सांगितले, जहाजं आहेत! तुमची मुलं दिवाळीला घरी येणार!

काय तो कल्ला! बायका रडायला लागल्या. कोणी फेटा उडवला. रंगूबाईने मंडपातच माझ्या पायांवर डोके ठेवले. आणि साहेब? आश्चर्याने बघतच राहिला. त्याचेही डोळे भरले. माझा हात दाबून म्हणाला, ब्रेव्ह पीपल, ब्रेव्ह पीपल. ब्रेव्ह म्हणजे शूर. बी मध्येच आहे, पाठ होता.

अनंता, ये म्हणावं बघायला.

३० सप्टेंबर

खटावकडच्या दोन गावांतून बोलावणे. साहेबाचे भाषण पुन्हा सांगा म्हणाले. सांगितले. लोकांची आवड पाहून थोडे वाढवले. जहाजं मुंबईला लागली आहेत, असे आले ओघात. नारळ मिळाले.

१७ ऑक्टोबर

दसऱ्याला इतकी घरे मी वडूजला रंगवलेली पाहिली नव्हती. रंगूबाईने तर भिंती पोतारल्या आणि गुंडाचे लग्नच ठरवले. मुलगी कडेगावची, हंबीरराव म्हणून पेन्शनर हवालदार आहेत त्यांची. तुळशीचे लग्न लागले की पहिला मुहूर्त. म्हणते, "पंत, तुमच्या शब्दावर सुपारी फोडली."

घाई केली, असे क्षमा म्हणाली. मी म्हटलं, साहेबाच्या तोंडचा शब्द आहे. ती म्हणाली, साहेबाच्या की तुमच्या?

अभ्यास बंद आहे. सत्कारांतून सवड होत नाही.

४ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन.

मोटारस्टँडवर सकाळपासून माणसे. कोळशावरची मोटार धापा टाकत आली. त्यातून एक कापडवाला उतरला आणि दोन कोंबड्या.

दुपारची मोटार आली. कोणी नाही.

मी लोकांना समजावले, जहाज म्हणजे काही टांगा नव्हे. समुद्र मोठा आहे. पाडव्याला येतील.

रंगूबाई पुरणपोळ्यांचे गाठोडे घेऊन आली होती, ते तसेच घेऊन गेली.

५ नोव्हेंबर

पाडवा. कोणी नाही. मी घरीच थांबलो. घसा धरला आहे.

६ नोव्हेंबर. भाऊबीज.

ओवाळून घ्यायला अनंता सांगलीहून आला. फराळ होईपर्यंत त्याने धीर धरला, मग विचारले, साहेब नेमकं काय म्हणाला होता? मी वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवले. बिनचूक. त्याचा लाडू हातातच राहिला.

म्हणाला, दाजी, त्याचा अर्थ, जहाजं असती तर तुमची मुलं दिवाळीपर्यंत घरी आली असती. म्हणजे जहाजं नाहीत. म्हणजे येणार नाहीत.

मी म्हटलं, जे झालंच नाही ते सांगायला क्रियापद खर्च करायचं कशाला? ही कसली भाषा? तो म्हणाला, मराठीतही तसंच बोलतो की आपण. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

मी उठून हात धुतले. माणूस पाहुणा होता म्हणून सोडले.

पुढे कितीतरी वेळ आतून भावाबहिणीचा आवाज येत होता. क्षमा हसत नव्हती. हसली असती तर बरे झाले असते. (हे वाक्य चुकून त्या नवव्या की दहाव्या काळात गेले.)

९ नोव्हेंबर

मामलेदारसाहेबांनी बोलावले. तालुक्यातून पलटणीच्या कचेरीवर माणसे जाताहेत, जहाजं कुठे ठेवलीत म्हणून विचारताहेत. साहेब ओरडले नाहीत. डोके धरून बसले. इंग्रजी कारकुनाच्या जागेवर सातारचा एक मॅट्रिक पोरगा घेतला आहे, असे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ठीक. त्यांचा तोटा. सी निम्म्याहून अधिक पाठ असलेला माणूस त्यांना परत मिळायचा नाही.

१४ नोव्हेंबर

रंगूबाईच्या वस्तीवर गेलो. कोणी जा म्हटले म्हणून नव्हे. क्षमा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही, त्याचाही संबंध नाही.

मी सगळे नीट समजावले. दोष जहाजांचा आहे, वाक्य उलटे बांधण्याच्या इंग्रजांच्या खोडीचा आहे. ती मटकीतले खडे वेचत होती. ऐकून घेतले आणि म्हणाली, "सायेब काय बोलला त्ये ऱ्हाऊ द्या, पंत. तुमास्नी त्ये कळलं हुतं का न्हाई, येवढंच सांगा."

मी म्हटलं, इंग्रजी ही फार विस्तृत भाषा आहे.

"म्हंजी न्हाई," ती म्हणाली.

मग सांगितले. कडेगावहून निरोप आला आहे. पोरगा येणार नव्हता तर थापा मारून सोयरीक का केली, असे हंबीरराव म्हणतात. मुलगी दुसरीकडे द्यायची बोलणी चालू आहेत. "चार मान्सांत माझं त्वांड खोटं पडलं. त्वांड तुमचं हुतं, पंत, पर पडलं माझं. आता तुमीच चला कडेगावला."

येतो म्हणालो. का म्हणालो, कळत नाही.

१८ नोव्हेंबर. कडेगाव.

हंबीररावांच्या घराचा पुढचा सोपा. बाहेर उसाच्या गाड्या. आत भावकी बसलेली, मिशा एकीपेक्षा एक. रंगूबाई दाराशी पदर सावरून उभी, नजर जमिनीला.

मी जहाजांपासून सुरुवात केली. हंबीररावांनी हात वर केला. म्हणाले, "ह्ये बगा पंत, लांबण नगं. तुमास्नी इंग्रजी येतं का न्हाई? येत आसंल, तर तुमी आनि ह्या बाईनं मिळून आमास्नी फशीवलंसा. येत नसंल, तर चूक झाली. चुकीला माफी हाय, फसवणुकीला न्हाई. बोला."

बाहेर बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. इंग्रजी येत नाही. तोंड उघडले. पन्नाशीला आलेला माणूस, कचेरीत सगळे पंत म्हणतात. मराठीत ते वाक्य बाहेर पडेना. रंगूबाईने एकदाच वर पाहिले.

मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "आय नो इंग्लिश!"

हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "नो इंग्लिश! झालं तर मग! येत न्हाई म्हंत्यात मानूस!" भावकी हसली. गूळ आला. मुलगी थांबेल, पोरगा येईल तेव्हा लग्न, असे ठरले.

ते त्यांना जे ऐकू आले ते. मी सत्य तेच बोललो. कोणी गाऱ्हाणे आणले की मामलेदारसाहेब 'आय नो, आय नो' म्हणतात, म्हणजे मला माहीत आहे. आय नो इंग्लिश. मला इंग्रजी माहीत आहे. शपथेवर सांगेन. सोयरीकही राहिली आणि मानही. याला म्हणतात भाषेवर प्रभुत्व.

परतताना गाडीत विट्याजवळ रंगूबाई म्हणाली, "लय मोठं मन केलंसा, पंत."

२६ जानेवारी १९४६

गुंडा आला. मोटारीतून उतरला तेव्हा मी स्टँडवर नव्हतो. कामानिमित्त तिकडे गेलो होतो आणि पिंपळामागे उभा होतो. रंगूबाईने त्याचे तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिले. धूळ फार होती. डोळ्यांत गेली.

१४ फेब्रुवारी

कडेगावला गुंडाचे लग्न. क्षमासह गेलो. अनंताही सांगलीहून आला होता, कोणी बोलावले कोण जाणे.

अक्षता पडल्यावर हंबीररावांनी मला हाताला धरून मांडवाच्या मधोमध नेले. मला वाटले दोन शब्द बोलायला सांगतात. घसा साफ केला. ते सगळ्यांना म्हणाले, "ह्ये आमचं विष्णुपंत. ह्यास्नी इंग्रजी येत न्हाई. भर सोप्यात सांगितलं गड्यानं, छाती पुढं काढून! शिकलेला मानूस आसं बोलंल का कवा? ह्यांच्यामुळं आज ह्यो मांडव." आणि स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला. टाळ्या कॅप्टनसाहेबाच्या सभेपेक्षा जास्त. पंगतीत जो तो वाढताना विचारी, इंग्रजी न येणारे पंत ते हेच का? गुंडाने पायांना हात लावला. क्षमा हसली. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच.

मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. शुभकार्य होते.

१५ फेब्रुवारी. दुपार.

तरी अनंताचे तोंड एकदा बंद करावे, म्हणून 'आय नो'मधल्या नो शब्दाचा अर्थ डिक्शनरीत दाखवायचा ठरवले. तो ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मी सी वरून थेट एन उघडला. मधले के, एल, एम ओलांडून खास उडी. नो सापडला.

अर्थ एकच दिला आहे. नाही.

वरचा शब्द पाहिला, खालचा पाहिला. पान उलटून पाहिले. माहीत असणे, जाणणे, असे काही कुठे नाही. अनंता म्हणाला, काय शोधताय, दाजी? मी म्हटलं, काही नाही.

फेटा अजून डोक्यावर होता. काढून खुंटीला अडकवला.