भोकाचे कागद वापस पाठवून राह्यलो

मंगरूळपीर,
पोळ्याचा दुसरा दिवस, १९७६

चि. दुलीचंदले लखमीचंद काकाचा आशीर्वाद अन् जय जिनेंद्र. आमी समदे खुशाल हाओत. तुयी काकी सुंदरबाई गुडघा धरून बसली हाये. तुयी तब्येत बरी असंन. नसंन तरी आता आयकून घे.

तुले काई अक्कल हाये का नाई बे? पुड्या बांधाले रद्दी पाठव म्हनलं, त तू नागपूरच्या कॉम्प्युटरच्या हापिसातून हिरव्या पट्ट्याच्या कागदाचा गठ्ठा पाठोला. कागद जाड, मी खुश झालो. पन दोनी काठाले भोकं! (म्हने मशीन त्या भोकात दात घालून कागद ओढते. त्यापरीस बैल बरा.) आपल्या दुकानातून हरिसिंगनं मोहरी नेली, त घरापर्यंत रस्ताभर पेरतच गेला. वापस येऊन चार लोकात मलेच म्हने, "शेटजी, आता मापात बी मारता काय?" आजवर माया मापाले कोनी बोट लावलं नव्हतं.

त्यावर तुयं पत्र, का रद्दीत तुया बिनचुकीच्या प्रोग्रामाची, म्हंजे मशीनले द्याच्या हुकमाची, पानं चुकून गेली. एका हुकमाले एक, अशा भोकं पाडेल कार्डाचा गठ्ठा तू जिन्यावरून पाडला, अन् कोनतं कार्ड कोनामागं ते फक्त त्याच कागदावर छापेल हाये. सोमवारी कागद नाई भेटला त साहेब म्हने घरी जा. अबे, कार्डावर नंबर टाकाले काय झालं होतं? आमी तुरीच्या पोत्यावर बी टाकतो! अन् ते मशीन तरी काय मानूस हाये? एक स्वल्पविराम सुटला, त पानोपानी गाऱ्हानं छापते. तुयी काकी एका चुकीचं एकच डाव बोलते. (बरं, दोन डाव.)

तरी मी धोतर खोचून घरोघर गेलो. या वयात लोकाच्या चुलीपाशी उभं राहून म्हनाव लागलं, साखर ठेवा, कागद द्या. बजारात बोलून राह्यले का लखमीचंदचं दिवाळं निघालं, पुडी बी वापस मांगते. मी ज्याईले सांगतलं होतं का आमचा दुलीचंद मशीनवरचा साहेब हाये, तेच हासून राह्यले. पानं जमली. काई तेलकट, काई हयदीचे, एकाले गूळ अन् मुंग्या. समदे झटकून एस.टी.च्या कंडक्टरजवळ देऊन राह्यलो.

एकच पान अडलं. गोमतीबाईनं ते फळीवर हातरून वर देव बसोले. मी म्हनलं पोराची नौकरी जाते. म्हने, "देव उठत नाई शेटजी. पोराले दुसरी नौकरी पाहा." मंग काय, तिच्या ओसरीत बसून मीच ते पान हातानं उतरोलं. आंग्रेजी मले आकड्यापुरती येते, बाकी अक्षरं चित्रासारखी काढली.

साहेबानं तरी काढलं त लाजू नोको. सिद्धा घरी ये. तिथं मशीनचे बोलने खान्यापरीस इथं माये खा.

तुया काका,
लखमीचंद

ता.क. रद्दी सरली. आनखी पाठव, पन भोकाचे काठ कापून. अन् बिनचुकीची नोको, चुकीचीच पाठव. चुका जरा हात सोडून करत जाय.

ता.क. आनखी एक. गोमतीबाईच्या पानावर एकूनएक शून्याच्या पोटातून मशीननंच तिरपी काट मारेल होती. आपल्या दुकानात काट मारली म्हंजे रकम रद्द. म्हून मी ते समदे शून्य गाळून टाकले. साहेबाले सांग, आता त्यात एकबी चूक नाई.