पुस्तकात नसलेली पानं

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती बरी आहे. दुसऱ्या डोळ्याची पट्टीही निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खुशाल सुईत दोरा ओवा. ओवला. भिंतीवरची कोळिष्टकंही दिसली. ती नसती दिसली तरी चाललं असतं. शेजारच्या शिंपीणबाई रोज डोकावून जातात.

आता मुद्द्याचं. तू मला फसवलंस.

छापखान्यात तीस वर्षं मी प्रुफं तपासली, लोकांचे काना-मात्रा सरळ केले. डोळ्यांवर पडदा आला तेव्हा वाचन सुटल्याचं जेवढं दुःख झालं, तेवढं कशाचंच झालं नाही. तू आठ महिने दर रविवारी एवढ्या लांबून येऊन मला ती कादंबरी वाचून दाखवलीस. मी शिंपीणबाईंना सांगायचे, माझे डोळे रविवारच्या गाडीने येतात.

कादंबरीतल्या त्या कारकुनाच्या बायकोवर माझा जीव जडला होता, आणि तिने मला छळलंही तितकंच. नवरा बोलला की गप्प, सासू बोलली की गप्प, मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचं. टीव्हीवरच्या बायकांशी भांडते तशी मी तिच्याशी भांडायचे. अगं बावळट, तोंड शिवलंय का तुझं? तू म्हणायचीस, आई, तिला ऐकू जात नाही.

दिसायला लागल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर वाचनालयातून ते पुस्तक आणलं. तीन दिवसांत वाचून काढलं. बायको तीच, मोरी तीच. पण इस्त्री सापडेना.

तू वाचलं होतंस, की सदऱ्याची घडी मोडली म्हणून नवऱ्याने तापलेली इस्त्री तिच्या दंडाला टेकवली. मग भर उन्हाळ्यात ती लांब बाह्या घालून कामाला गेली, आणि माहेरी आईला म्हणाली, कढईचा चटका बसला. मी ते पान शोधलं. पानांचे आकडे मोजले; बांधणीत एखादा सोळा पानांचा फर्मा गळतो कधीकधी. दुसरी प्रत मागितली, तिच्यातही नाही. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, यातला नवरा आळशी आहे, पण बायकोवर हात उचलत नाही. तुम्ही दुसरं काहीतरी वाचलं असेल."

मी म्हटलं, मी नाही वाचलं, माझ्या मुलीने वाचलं. आणि तिथेच बाकावर बसले.

कढईच्या चटक्यावर मलम मीच लावलं होतं, चाचपडत. तुझ्या दंडाला.

आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा आणि भलत्याच गल्लीत सोडून द्यावं, तसं वाटलं मला. सख्ख्या आईला सांगता आलं नाही, म्हणून परक्याच्या पुस्तकात घालून सांगितलंस? दोन दिवस मी एवढंच घोकत बसले. त्याच्या पुढचं आठवायचं टाळत होते. आता लिहिते.

तो प्रसंग वाचून तू थांबलीस. मला विचारलंस, "आई, हिने काय करायला हवं गं?"

मी म्हणाले, "लग्न हिनेच ठरवलं ना? मग हिनेच निस्तरावं. असली रडी मुलगी माझी असती, तर मी दारातसुद्धा उभी केली नसती."

कादंबरीतल्या बाईला माणूस वाटेल ते बोलतं. तू पाणी प्यायला उठलीस. बराच वेळ भांड्याचाही आवाज आला नाही. मग परत येऊन म्हणालीस, पुढे वाचू? मी म्हटलं, वाच. त्यानंतर इस्त्रीचा विषय पुन्हा निघाला नाही. मला वाटलं, लेखक विसरला. मनातल्या मनात मी त्यालाच नावं ठेवली.

तूही लग्न स्वतःच ठरवलं होतंस, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं. की आलं होतं? डोळे नव्हते, पण कान तर होते. तुझा आवाज कापत होता. मी समजले, पोरगी काय सुरेख वाचते.

हे पत्र तुझ्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी ते आधी कोण फोडेल, हे आता मला कळतं. फोन मुद्दामच करत नाही. तू "सगळं छान आहे" म्हणशील आणि मी पुन्हा विश्वास ठेवीन.

शनिवारी दुपारी तुझी शाळा सुटेल तेव्हा मी फाटकाशी उभी असेन. आतली खोली रिकामी केली आहे, कपाटाचे दोन कप्पेही. काही आणायचं असलं तर आण, नाहीतर अंगावरच्या कपड्यांनिशी ये. त्या दिवशी जमलं नाही तर नुसती भेट. मी पुढच्या शनिवारी येईन, त्याच्या पुढच्याही.

तू खोटं वाचलंस, हे मला अजून लागतं आहे. त्यात एकच पान खरं होतं, आणि ते ऐकून मी काय बोलले, हे त्याहून जास्त.

तुझ्यावर रागावलेली
आणि शनिवारी नक्की येणारी,
तुझी आई