कमरेवरची डबी

४ फेब्रुवारी
झालं! आज भर वर्गात. 'स्वतःवर ताबा ठेवायला शिका!' असं सातवीच्या पोरांवर खेकसले, आणि माझाच सुटला. थोडंसंच, पण पुरे. भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखी बाहेर सटकले. घरी नेहमीचंच सांगितलं — 'पित्त झालंय.' सासूबाईंनी लिंबाचं सरबत करून दिलं. पित्तावर!

११ फेब्रुवारी
अखेर डॉक्टरीणबाईंकडे. आधी हवापाण्याच्या भरपूर गप्पा मारल्या, मग एका दमात — 'मला शौच आवरत नाही.'

'बाळंतपणात फाटलं होतं?'

'हो. लेकीच्या वेळी.'

व्यायाम, गोळ्या सगळं करून झालंय. म्हणाल्या, माकडहाडाजवळच्या नसेशी बारीक तार बसवू, विजेची हलकी टिचकी देत राहायची. सगळ्यांनाच गुण येत नाही. म्हणून आधी तात्पुरती.

'विजेनं उलट सगळं एकदमच सुटलं तर?'

त्या हसल्या. मी मनापासून विचारलं होतं.

१२ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. पेपर खाली ठेवला. मग — 'म्हणून माझ्याबरोबर कुठे यायची नाहीस? मला वाटलं, माझा कंटाळा आला.'

'तोही आहे,' म्हटलं. दोघं हसलो. मग मी रडले.

२० फेब्रुवारी
तार बसली. पालथी पडले होते आणि पायाचा अंगठा आपोआप वळला! 'बरोबर जागा!' डॉक्टरीणबाई खूश. आता कमरेला टिचक्या देणारी डबी, बुडाला मुंग्या.

सासूबाई — 'हे काय गं, नवा फोन?'

'हो.' कोणाला लावायचा, ते विचारलं नाही, नशीब!

२३ फेब्रुवारी
जिन्यातच घोटाळा. डबी गेली खड्ड्यात.

२७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी परवा डबीचा जोर बदलून दिला. आज वर्गात कळ आली — आणि थांबली! धडा संपवला, मग गेले. चालत! महाराणीसारखी. आनंद कशाचा, हे मात्र जगात कोणाला सांगता येत नाही.

५ मार्च
'त्रास निम्म्याहून कमी झालाय. कायमची बसवू,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'पूर्ण बरं होईल असं नाही म्हणणार. पण आवरता येईल.'

ऑपरेशन म्हटल्यावर सासूबाईंपासून लपवणार कसं? सगळं सांगून टाकलं. तडक उठून खोलीत गेल्या. किळस आली असणार. माझ्या हातचं जेवतील तरी का आता?

६ मार्च
सकाळी हे बाहेर पडल्यावर सासूबाईंनी दार लावून घेतलं. 'मला नेशील त्या बाईंकडे? तुझ्या नवऱ्याच्या जन्मापासून हेच आहे मला.'